पहाटे चालू न होणारा ट्रॅक्टर: हाफ इंजिनला हात घालण्याआधी

जांबोटी भागातील एका शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे पंधरा वर्षे वापरलेला दोन सिलिंडरचा ट्रॅक्टर आहे. दिवाळीपर्यंत तो पहिल्या सेल्फला चालू होत असे. मार्गशीर्षाचा गारठा पडल्यापासून पहाटे सहा वाजता पाच-सहा वेळा सेल्फ मारूनही तो चालू होत नाही, उतारावरून ढकलला की होतो, आणि एकदा चालू झाला की दिवसभर उसाच्या ट्रॉल्या बिनतक्रार ओढतो. गावातील मिस्त्रींनी हाफ इंजिन, म्हणजे हेड उघडून पिस्टनच्या रिंगा आणि लायनर (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी) बदलण्याचे काम, करावे लागेल असे सांगितले आहे, शेजाऱ्यांनी स्टार्टिंग स्प्रेचा डबा आणून दिला आहे, आणि घरात पान्यांचा एक संच व एक मल्टिमीटर आहे. तेवढ्यावर स्वतः काय तपासता येईल आणि कोणत्या क्रमाने तपासावे, असे त्यांनी विचारले आहे.

मी बेळगावात उद्यमबागेजवळ अठ्ठावीस वर्षे डिझेल पंप, नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे तोंड) आणि इंजिनांची कामे करतो. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्यांची तक्रार हीच असते. बैलहोंगलकडचे शेतकरी हसत हसत 'इंजिनाला चळी (कन्नडमध्ये थंडी) लागली' म्हणतात, खानापूरकडचे 'गारठले' म्हणतात. मात्र आपल्याकडची थंडी कितीही बोचरी वाटली तरी पहाटेचा पारा साधारण १० ते १४ अंशांच्या घरात असतो. लडाखमध्ये डिझेल गोठू नये म्हणून इंडियन ऑइलने २०१९ साली उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारे वेगळे डिझेल आणले. आपल्याला तसल्या कशाचीही गरज नाही. १० अंशांना धडधाकट इंजिन चालू व्हायलाच हवे. ते होत नसेल तर दोष आधीपासून आहे, आणि उन्हाळ्यात तो उबेखाली झाकला जात होता, असे धरून चालावे.

म्हणून मी तुमचा प्रश्न थोडा बदलून मांडतो. इंजिन चालू होण्यासाठी तीन गोष्टी लागतात: पुरेशा वेगाने फिरणे, दाबलेल्या हवेचे पुरेसे तापणे आणि योग्य वेळी बारीक फवाऱ्याने डिझेल येणे. या तिन्हींपैकी कोणती तुमच्याकडे तोकडी पडते आहे, हे शोधायचे आहे. मिस्त्रींनी थेट दुसऱ्या गोष्टीवर बोट ठेवले आहे. ते चूकच आहेत असे मी येथे बसून म्हणणार नाही, कारण रिंग थोड्या झिजलेले इंजिन गरम झाल्यावर बरेचसे सावरते आणि दिवसभर कामही देते. परंतु भरलेली ट्रॉली जांबोटीच्या चढावर ओढताना ताकद कमी पडत नसेल, ऑइल भराभर संपत नसेल आणि ब्रीदरमधून (इंजिनातील वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) भपकारे येत नसतील, तर हाफ इंजिन हा पहिला नव्हे, शेवटचा अंदाज असायला हवा.

थंडीचा नेमका परिणाम कसा होतो, हे समजले की पुढचा क्रम आपोआप समजेल. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा साधारण सोळा-सतरा पटींनी दाबली जाते, त्यामुळे ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल पेटते. आता, आत येणारी हवा जितकी थंड असेल त्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त फरक दाबाच्या शेवटी पडतो. मे महिन्यातील पहाटेपेक्षा जानेवारीची पहाट बारा अंशांनी थंड असेल, तर सिलिंडरच्या आत पंचवीस-तीस अंशांची तूट येते. त्यातच ऑइल घट्ट झालेले असते, बॅटरीची ताकद उतरलेली असते, आणि म्हणून इंजिन सावकाश फिरते. सावकाश फिरले की दाबलेल्या हवेला रिंगांजवळून निसटायला आणि थंड लोखंडाला ऊब देऊन टाकायला अधिक वेळ मिळतो. म्हणजे सेल्फचा वेग कमी झाला की कॉम्प्रेशनही कमी झाल्यासारखे वाटते. बॅटरीच्या दोषापायी रिंगा बदलल्या जातात त्या याच कारणाने.

हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. धंद्याच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी नंदगडच्या एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर मी अशाच तक्रारीवरून उघडला, रिंगा बदलल्या, हेड बसवले, आणि दुपारी तो फटक्यात चालू झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांचा माणूस सायकलवरून निरोप घेऊन आला की पुन्हा तेच. दोष होता बॅटरीकडून चॅसीला येणाऱ्या अर्थच्या पट्टीत. कुणीतरी ट्रॅक्टर रंगवताना पट्टीखालचा भागही रंगवून टाकला होता आणि बोल्टच्या दोन-चार आट्यांवर सगळा करंट जात होता. त्या कामाचे पैसे मी परत केले. तेव्हापासून व्होल्ट मोजल्याशिवाय हेडच्या नटाला पाना लावत नाही.

त्याच प्रसंगातून दुसरी गोष्ट कळली, आणि घरी खटपट करणाऱ्याने ती सर्वांत आधी ध्यानात घ्यावी. थंडीतील दोषाची चाचणी दिवसातून एकदाच घेता येते. इंजिन एकदा दोन मिनिटे जरी चालले, तरी त्या दिवसाची परीक्षा संपली. दुपारी तुम्ही काहीही बदलले आणि ते चालू झाले, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून एका पहाटे एकच बदल करावा आणि त्याची नोंद ठेवावी. बॅटरी बदलली, ऑइल बदलले, फिल्टर बदलला आणि चौथ्या दिवशी गाडी चालू झाली, तर कशाने झाली हे कोणालाच सांगता येत नाही. एका जुन्या वहीत तारीख, अंगणातील तापमान, किती सेकंद सेल्फ मारला, धूर कसा होता, एवढे चार रकाने पुरतात.

पहिल्या पहाटे काहीही बदलू नका. फक्त धूर पाहा. एकाने क्लच पूर्ण दाबून, हाताचा थ्रॉटल पाऊण उघडून दहा सेकंद सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने सायलेन्सरकडे पाहावे. तुमच्या भागात पहाटे धुके दाट असते आणि पांढरा धूर धुक्यात मिसळून जातो, म्हणून सायलेन्सरच्या तोंडामागे काळे घमेले धरून त्यावर विजेरीचा झोत टाकावा. पुसटसा धूरही त्यावर उठून दिसतो. डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास असलेला पांढरा धूर भरपूर येत असेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचते आहे पण पेटत नाही, म्हणजे दोष वेगाचा, कॉम्प्रेशनचा किंवा फवाऱ्याचा आहे. धूर अजिबात नसेल, तर डिझेलच पोचत नाही; अशा वेळी बॅटरी आणि रिंगा दोन्ही सोडून इंधनाच्या वाटेकडे वळावे. ही एक पाहणी फुकट होते आणि अर्धे काम करून टाकते, तरीही माझ्याकडे येणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती केलेली असते.

क्लच दाबण्याचे कारण असे की तो न दाबल्यास गिअरबॉक्समधील दांडे थंड, जाड तेलातून फिरवण्याचे ओझेही सेल्फवरच पडते. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये अर्धे-पाऊण मिनिट थांबावे. तेवढ्यात बॅटरी थोडी सावरते आणि सेल्फची वायंडिंग जळत नाही.

आता धूर पांढरा आहे असे धरून पुढे जातो, कारण तुमच्या वर्णनावरून मला तेच संभवते: उतारावर ढकलल्यावर तो चालू होतो, म्हणजे सेल्फपेक्षा जास्त वेगाने फिरवला की डिझेल पेटते. त्यामुळे पहिला संशय फिरण्याच्या वेगावर.

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. रात्रभर उभ्या असलेल्या बॅटरीवर, सेल्फ न मारता, १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर ती भरलेली आहे, १२.२ आला तर साधारण निम्मी, आणि १२ च्या खाली असेल तर आधी ती चार्ज करून आणावी व मगच पुढचे बोलावे. यानंतर इंजिन बंद करण्याची दांडी ओढून धरायची, म्हणजे इंजिन चालू होणार नाही, आणि सेल्फ मारत असताना पुन्हा व्होल्ट पाहायचे. मीटरच्या पिना क्लॅम्पवर नव्हे, बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर टेकवायच्या. आकडा ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी थकली आहे किंवा सेल्फ अवाजवी करंट खातो आहे. १० च्या वर टिकत असेल आणि तरीही सेल्फ रडतच फिरत असेल, तर करंट वाटेत अडतो आहे. मग एक पिन बॅटरीच्या उणे खुंटावर व दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर खरवडून चकचकीत केलेल्या जागी लावून सेल्फ मारा. येथे ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर माझी नंदगडची पट्टी तुमच्याकडेही आहे असे समजा. अधिक खुंट आणि सेल्फवरचा जाड बोल्ट यांच्यातही असेच मोजा. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालेल.

एवढ्या बारीक आकड्यांना महत्त्व का, असे वाटेल. सेल्फ फिरताना दोनशे-तीनशे अँपियर करंट ओढला जातो. ३०० अँपियरच्या वाटेत ०.००५ ओहम इतका क्षुल्लक अडथळा असला तरी दीड व्होल्ट तिथेच जिरतात, आणि मल्टिमीटरवर नुसता ओहम मोजून एवढा लहान अडथळा दिसतही नाही. खुंटांवर आलेला पांढरा-हिरवा भुगा गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावा, तारेच्या ब्रशने शिसे आणि क्लॅम्प दोन्ही घासावेत, क्लॅम्प घट्ट आवळावा आणि वरून व्हॅसलीन लावावे. सोड्याचे पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ देऊ नये. क्लॅम्प काढताना आधी उणे बाजू काढावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी, म्हणजे पाना चुकून चॅसीला टेकला तरी ठिणगी उडत नाही.

बॅटरी रात्री घरात ठेवण्याने फरक पडतो का, असेही विचारले जाते. पडतो, पण थोडाच. २५ अंशांना असलेल्या ताकदीपैकी दहा-पंधरा टक्के १० अंशांना कमी होते. ज्या बॅटरीला तेवढी तूट सोसत नाही, ती पावसाळ्यापर्यंत तशीही टिकणार नाही. चुलीजवळ मात्र ती कधीही ठेवू नये, कारण तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो.

ऑइलबद्दल थोडे. जुने इंजिन ऑइल खाते म्हणून पुष्कळ जण मुद्दाम जाड, एकाच नंबरचे ४० ग्रेडचे ऑइल भरतात. गुऱ्हाळावर कढईतून नुकतीच काढलेली काकवी आणि तीच काकवी पौषात पहाटे डब्यातून ओतताना, असा त्यातील फरक असतो. आपल्या हवेला १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० पुरेसे आहे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत ते किती पातळ राहते ते सांगतो, नंतरचा गरम झाल्यावरचा असतो. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला ग्रेडच घ्यावा. ट्रॅक्टरसोबत आलेली पुस्तिका कन्नडमध्ये आहे म्हणून ती माळ्यावर पडून असते, असे आपल्याकडे बऱ्याच घरांत दिसते. ऑइलचा तक्ता आकड्यांतच असतो, तो वाचायला कन्नड लिपी यावी लागत नाही.

व्होल्ट बरोबर आले, सेल्फ झपाट्याने फिरतो आहे आणि तरीही पांढरा धूरच येतो आहे, तर नोझल काढून बेंचवर तपासून आणावेत. हे काम घरी होत नाही. अशा इंजिनांचे नोझल साधारण २०० बारच्या दाबाला उघडतात. स्प्रिंग ढिली पडली की ते कमी दाबाला उघडतात आणि धुक्यासारख्या फवाऱ्याऐवजी थेंब टाकतात. गरम सिलिंडरात थेंबही जळून जातात, थंड सिलिंडरात जात नाहीत. नोझल इंजिनाबाहेर काढून, पाइप जोडून, सेल्फ मारून फवारा पाहण्याचा प्रयोग बरेच जण करतात. करायचाच असेल तर हात आणि चेहरा फवाऱ्याच्या रेषेत चुकूनही आणू नका. तो फवारा कातडीतून आत घुसतो. बाहेरून टोचल्यासारखी खूण दिसते आणि आत बोट सडते. अशी खूण दिसली तर घरगुती उपाय न करता त्याच क्षणी दवाखाना गाठावा.

पहिल्या पहाटे धूरच दिसला नसेल तर वाट वेगळी. अथणीकडच्या कोरड्या हवेत हा त्रास कमी, पण जांबोटी-कणकुंबीकडे रात्री दव पडते आणि अर्धी रिकामी टाकी रात्रभर ओलसर हवा घेऊन उभी राहते. ती हवा टाकीच्या थंड पत्र्यावर पाणी होऊन उतरते, आणि पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी, म्हणजे नेमके पंपाकडे जाणाऱ्या वाटेवर साचते. पहाटे ट्रॅक्टर हलवण्यापूर्वी फिल्टरखालचा ड्रेन सैल करून काचेच्या बाटलीत पाव लिटर काढा आणि बाटली उजेडाकडे धरा. पाणी असेल तर तळाशी मण्यासारखा गोलवा दिसतो, आणि बाटली कलंडली की तो डिझेलमध्ये न मिसळता सरकत जातो. टाकी सकाळऐवजी संध्याकाळी भरण्याची सवय लावली तर हा प्रकार बराच थांबतो.

पाणी नसेल तर हवा पाहा. रात्री कुठल्यातरी तांब्याच्या वॉशरमधून किंवा फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढून मुख्य पंपाला देणाऱ्या लहान पंपाच्या) झडपेतून डिझेल मागे उतरते, त्या जागी हवा शिरते, आणि पहाटे पंप ती हवाच दाबत बसतो. सेल्फ मारण्यापूर्वी फीड पंपाचा हातपंप वीस-तीस वेळा मारा. त्या पहाटे ट्रॅक्टर लगेच चालू झाला तर दोष सापडला. मग आधी फिल्टरचा, नंतर पंपाचा एअर स्क्रू सैल करून बुडबुडे संपेपर्यंत हवा काढायची आणि सगळे वॉशर नवे घालायचे. टाकी पंपाच्या बरीच वर असेल तर डिझेल मागे जाण्याऐवजी बाहेर पाझरते, आणि त्या जागी धूळ धरलेला ओला डाग दिसतो. ही कामे पहाटे बधिर बोटांनी करू नयेत. फिक्स पाना निसटून पितळी नटाचे कोपरे जातात. चाचणी पहाटे, पान्याचे काम ऊन आल्यावर, आणि जिथे बसेल तिथे रिंग पाना.

आता शेजाऱ्यांच्या डब्याविषयी. त्या स्प्रेमध्ये ईथर असते आणि ते साधारण १६० अंशांनाच पेटते. म्हणजे पिस्टन वर पोचण्याआधीच स्फोट होतो आणि खाली न जाता अजून वर येणाऱ्या पिस्टनवर तो आदळतो. एखाद्या वेळी निभावते. रोजच्या वापराने रिंगा आणि पिस्टनच्या खाचा तुटतात, आणि मग मिस्त्रींचे म्हणणे खरे ठरते. इनटेकला हीटर असेल तर स्प्रे मुळीच मारू नये. एअर फिल्टरच्या तोंडाशी चिंधी पेटवण्याचीही आपल्याकडे चाल आहे. ऑइलच्या वाटीचा फिल्टर असलेल्या गाडीत ती चिंधी आत ओढली गेली तर आधी फिल्टर पेटतो. त्यापेक्षा रात्री रेडिएटरमधील पाणी काढून ठेवून पहाटे अंघोळीच्या पाण्याइतके गरम पाणी सावकाश भरणे चांगले. ज्यात कूलंट आहे त्यात हा उद्योग करू नये, आणि उकळते पाणी ब्लॉकवर किंवा पंपावर बाहेरून कधीच ओतू नये. पंपातील प्लंजर आणि बॅरलमध्ये दोन-तीन मायक्रॉनचीच मोकळीक असते. एक भाग तापून दुसरा थंड राहिला की तो अडकतो.

सेल्फच्या दोन बोल्टांवर पाना टेकवून खाली उभे राहून गाडी चालू करण्याची सवय असेल तर ती आजच सोडा. त्यात न्यूट्रलची आणि क्लचची सुरक्षा वगळली जाते. गिअर पडलेला राहिला तर ट्रॅक्टर चालू होताच निघतो, आणि उभे राहणाऱ्याची जागा बरोबर मागच्या चाकापुढे असते. शेड बंद ठेवून चाचण्या घेऊ नका, आणि त्याच शेडमध्ये उबेसाठी शेगडीही ठेवू नका.

एवढे सगळे बरोबर निघाले तरच कॉम्प्रेशनकडे या. पेट्रोल गाडीचा गेज डिझेलच्या दाबाला पुरत नाही, तेव्हा डिझेलचा गेज असलेला माणूस बोलवावा लागेल. त्याआधी टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यातील मोकळीक) तपासून घ्या, कारण आवळलेल्या टॅपेटमुळे व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि लक्षणे रिंगा झिजल्यासारखीच दिसतात. गेजवर आकडा कमी आला, तर नोझलच्या भोकातून चहाचा एक चमचा इंजिन ऑइल सिलिंडरमध्ये सोडून पुन्हा मोजायला सांगा. आकडा चढला तर रिंगा-लायनर, नाही चढला तर व्हॉल्व्ह. चमच्याहून जास्त ऑइल टाकू नये. ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

रिंगा-लायनरच निघाले तर काम गाळप संपल्यावर काढा, तोवर गरम पाणी आणि भरलेली बॅटरी यांवर हंगाम निघेल. मिस्त्रींना तुमची वही दाखवा, आणि नवा संच मागवण्यापूर्वी लायनर वर, मध्ये आणि खाली तुमच्यासमोर मोजून ते तीन आकडे त्याच वहीत लिहायला सांगा.